गावच्या कामाला गेलेला

राजाकाकीच्या उजव्या कानाची पाळी खाली दोन भागांत फाटलेली होती. ती लग्न होऊन गावात आली त्याच वर्षी, म्हणजे सन एकोणीसशे सहा-सातच्या सुमारास, गावावर दरोडा पडला. दरोडेखोरांना कानातली फुलं सोडवत बसायला सवड नव्हती. त्यांनी ती ओढूनच नेली. पुढे जखम भरली, पण पाळी काही जुळली नाही, आणि पदर उजव्या बाजूने जरा पुढे ओढून घ्यायची सवय तिला लागली ती कायमची. दरोडेखोर म्हणजे काय हे आमच्या गावात पोरांना कधी समजावून सांगावं लागलं नाही. राजाकाकीचा कान सगळ्यांनी पाहिलेला होता.

हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी काय करून बसलो ते तुम्हाला नीट कळेल.

मी भावकू. गाव खानापूरच्या पश्चिमेला, जंगलाच्या अगदी कडेला. तीसेक घरं, भाताची खाचरं, मध्ये रवळनाथाचं देऊळ आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखल. आज त्या चिखलाचीसुद्धा मला आठवण येते, म्हणजे माझं वय झालं असं समजा. राजाकाकीचा परशराम आणि मी एकाच वर्षी जन्मलो, एकाच मास्तरचा मार खाल्ला. तो चौथीनंतर शाळेला रामराम करून मोकळा झाला. मला शिकायची खोड लागली. बेळगावात एका नातलगाकडे राहून मी मॅट्रिक झालो आणि तिथल्याच एका सरकारी कचेरीत भाषांतराच्या टेबलाला चिकटलो. कचेरीचं नाव घेत नाही. तिथे बरीच सज्जन माणसं होती आणि त्यांची नातवंडं अजून बेळगावात आहेत.

परशराम निपाणीला गेला, तंबाखूच्या वखारीत. बाप रवळू लवकर वारलेला, घरी आई एकटी. सणाला मी गावी गेलो की राजाकाकी पोस्टकार्ड घेऊन यायची. मजकूर दरवेळी तोच. इकडे सर्व बरे आहे, म्हैस व्याली किंवा व्यायची आहे, तब्येतीस जपावे. मी लिहायचो आणि ती शेजारी बसून बघायची. तिला अक्षरओळख नव्हती, पण पत्त्यात 'परशराम' लिहिताना मी शेवटच्या म-ची काठी खाली लांब ओढून तिला शेपटी काढायचो, ते तिला भारी आवडायचं.

"आमच्या परशाला शेपूट काढलास व्हय रं," असं म्हणून ती हसायची आणि कार्ड उलटसुलट करून परत एकदा बघायची.

कचेरीत माझ्या टेबलाचे मुख्य होते आण्णासाहेब. निपाणीकडचे जैन. घरी कानडी, बाजारात मराठी, साहेबापुढे इंग्रजी, आणि रागावले की तिन्ही एकदम. सूर्य मावळायच्या आत जेवायचं म्हणून पाचच्या ठोक्याला ते उठत, पण त्याआधी जगबुडी झाली तरी खुर्ची सोडत नसत. त्यांच्याकडे कापडी पुठ्ठ्याची एक वही होती. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी आणि कानडी. एका शब्दाला एकच शब्द, हा त्यांचा नियम, आणि तो मोडणाऱ्याची ते दिवसभर खरडपट्टी काढत.

सरकारविरुद्ध उठलेल्या माणसाला काय म्हणायचं, याला त्या वहीत अख्खी दोन पानं खर्ची पडली होती. सगळ्यात जुनी शाई आण्णासाहेबांच्याही आधीच्या कोणाची तरी. तिथे होतं बंडवाला, पुंड, फितुरी. मग आण्णासाहेबांच्या तरुणपणातलं राजद्रोही. त्याखाली तीस सालचं कायदेभंगवाला. सत्याग्रही हा शब्द लिहून तांबड्या शाईने खोडला होता. नुसती ती दोन पानं वाचली तरी चाळीस वर्षांत सरकारची झोप कधी कधी उडाली ते कळायचं.

दुपारी काम कमी असलं की आण्णासाहेब मला शिकवत. "फितुरी म्हणजे घरात राहून उलटलेला. तो शब्द शिपायाला, पाटलाला लावायचा. बंडखोर म्हणजे उघड समोर उभा राहिलेला. राजद्रोही हा नुसता राजाचा गुन्हेगार, शेजाऱ्याचं त्याने काही नेलेलं नसतं. आणि फरारी म्हणजे काहीच नाही. तो इथे नाही, एवढंच."

मी एकदा म्हटलं, "साहेब, शंभर वर्षांमागे नंदगडला ज्याला बंडखोर म्हणून फाशी दिलं, त्याच्या समाधीला आमच्याकडच्या बायका मूल व्हावं म्हणून पाळणे बांधतात."

आण्णासाहेबांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला आणि विचारलं, "मग ते वहीत कोणत्या रकान्यात लिहू?"

फार सुखाचे दिवस होते ते. टेबलावर शिळाप्रेसच्या शाईचा वास, आण्णासाहेबांचं खाकरणं, आणि एका शब्दावरून तास-तास भांडण. शब्दाने कोणाच्या घरादाराचं काही होतं, असं मला तेव्हा वाटतच नव्हतं.

बेचाळीसच्या ऑगस्टनंतर वरून परिपत्रक आलं. अशा माणसांना ज्यात बंड, राज किंवा देश आहे असा कोणताही शब्द लावू नये, गुंड किंवा दरोडेखोर लिहावं. आण्णासाहेबांनी ते वहीत चिकटवलं. मला म्हणाले, "बंडखोर म्हटलं की वाचणारा विचारतो, का बरं केलं असेल याने बंड? दरोडेखोर म्हटलं की कोणी काही विचारत नाही."

आणि त्याच महिन्यात परशराम वखारीतून नाहीसा झाला. तो आणि आणखी पाच-सहाजण. त्यांनी दोन गावच्या चावड्यांतलं दप्तर जाळलं, तारा तोडल्या, टपालाची थैली पळवली. थैलीतली पत्रं दुसऱ्या दिवशी एका देवळाच्या पायरीवर नीट रचून ठेवलेली सापडली, पण थैली पळवली ती पळवलीच. पोलीस मागे लागले की हे लोक कोगनोळीच्या पुढे संस्थानी हद्दीत जात आणि इकडचे शिपाई हात चोळत परत येत. असं वर्षभर चाललं.

त्रेचाळीसच्या जूनमध्ये माझ्या टेबलावर इंग्रजी नोटीस आली, मराठी करायला. नाव परशराम रवळू, आमचंच गाव. मी कच्च्या मजकुरात बंडखोर लिहिलं. आण्णासाहेबांनी वही उघडून परिपत्रक माझ्यासमोर ठेवलं आणि खिडकीकडे बघत बसले. मी बंडखोर खोडलं आणि दरोडेखोर लिहिलं. अक्षर चांगलं म्हणून शिळाप्रेससाठी मीच लिहायचो आणि त्या दिवशीही ते चांगलंच आलं. घरी बायको, नुकतं जन्मलेलं मूल, भाड्याची खोली. मी शेपूट घातलं, हे सरळ सांगतो.

त्या वर्षी दसऱ्याला गावी जायला मन होत नव्हतं, तरी गेलो. आमच्याकडे दसऱ्याला घरी न जाणं कोणाला जमत नाही, आणि त्याला कारण आहे गाऱ्हाणं. दुपार कलली की सगळं गाव रवळनाथापुढे जमतं आणि गावकर देवाला गाऱ्हाणं घालतो. पीकपाणी, गुरंढोरं, रोगराई सगळं सांगून झालं की गावाबाहेर असलेल्यांची पाळी येते. एकेकाचं नाव, तो कोणाचा कोण, काय करतो, हे सांगून त्याची राखण कर म्हणायचं आणि प्रत्येक नावाला जमलेल्या बाप्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. ते म्हटलं म्हणजे गावाने नाव उचललं. ज्याचं नाव घेतलं जात नाही, तो एकतर मेलेला किंवा गावाने टाकलेला.

आदल्या वर्षी, बेचाळीसला, परशरामचं नाव घेतलं गेलं नव्हतं. गावकर भरमूआप्पा तिथवर आला, थांबला आणि पुढच्या नावावर गेला. तेव्हापासून राजाकाकी देवळाकडे फिरकली नव्हती.

मी घरी पोचून पाय धुतो न धुतो तोच ती आली. वर्षात बरीच वाळली होती. पदराआडून तिने एक कागद काढला. कडांना वाळलेली खळ आणि भिंतीचा चुना. चावडीवरची नोटीस तिने सोलून आणली होती.

"भावकू, येवढं वाचून दाव रं. परशाचं काय लिवलंय?"

माझंच अक्षर माझ्याकडे बघत होतं. मी कागद डोळ्यांपुढे धरला आणि वाचायला लागलो. "परशराम रवळू, राहणार अमुक गाव, हा एक वर्षापासून घरी आलेला नाही. तो कोणास दिसल्यास कळवावे. त्याची सरकारला काळजी वाटते."

"सरकारला काळजी वाटत्या?"

"व्हय काकी. तसंच लिवलंय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग कागदाची घडी घालून परत पदराआड ठेवली आणि म्हणाली, "भात पिकलंय. येकटीनं कापायचं कसं? पोलिसांच्या भ्यानं कुणी बांधावर येत न्हाय. आनि देवाच्या तोंडातनं तर माज्या पोराचं नावच ग्येलं." एवढं बोलून ती उठली आणि भरमूआप्पाच्या घराकडे चालायला लागली.

थोड्या वेळाने भरमूआप्पाने मला बोलावणं धाडलं. सत्तरी उलटलेला, कान तिखट, आणि गाऱ्हाण्याचा एक शब्द कधी चुकला नाही म्हणून गावाला त्याचा केवढा अभिमान. ओट्यावर पानाचं सामान घेऊन बसला होता.

"राजाबाई आलती. पोराचं नाव घे म्हनत्या. त्ये बरोबरच हाय, आईनं म्हनायचंच. पर देवाला अर्धवट सांगून चालत न्हाय. गेलाय कशाला, त्ये सांगाय पायजे. नोटिशीत काय हाय त्ये ठावं हाय मला, त्ये सोडून बोल. तू कचेरीतला. तुमच्यात काय म्हनत्यात असल्या मानसाला?"

मी आण्णासाहेबांच्या वहीतली दोन्ही पानं त्याच्यापुढे ओतली. राजद्रोही म्हटलं. तो म्हणाला, "राजा कोन? लंडनातला? त्येचं नाव रवळनाथापुढं कशाला?" फितुरी म्हटल्यावर तोंडातलं पान थुंकला. फरारी म्हटलं, तर म्हणाला, "देवाला दिसतंय की त्यो कुटं हाय. देवाला कशाचा फरारी?" क्रांतिकारक हा पुण्याच्या वर्तमानपत्रातला शब्द. तो त्याला दोनदा उच्चारता आला नाही. बंडखोरवर मात्र तो जरा थांबला.

"ह्यो बरा हाय. जुना हाय. आमच्या आज्याच्या तोंडात असायचा. पर बंड त्येनं येकट्यानंच केलंय असं वाटतंय त्यात. गाव कुटं हाय?"

मग तो बराच वेळ सुपारी कातरत बसला. माझ्याजवळचे शब्द संपले होते. इतक्या वर्षांची ती विद्या एका ओट्यावर दहा मिनिटांत खलास झाली.

गाऱ्हाण्याच्या वेळी फौजदार आला. सणाला परशराम घरी येईल अशी त्याला कोणीतरी खबर दिली होती. धारवाडकडचा, कानडी माणूस, मराठी बेताचं. मी सरकारी नोकर आहे हे कळताच त्याने मला शेजारी बसवून घेतलं आणि हातात कागद-पेन्सिल दिली. म्हातारा जे म्हणेल ते लिहून घ्यायचं, आणि कोण कोण काय बोललं तेही. दोन शिपाई दाराशी उभे केले. मी बंद गळ्याचा कोट घालून, देवापुढे पाठ ताठ करून, सरकारच्या बाजूला बसलो. आमच्या गावात त्या दिवशी माझ्याइतका वाईट बसलेला माणूस दुसरा नव्हता.

बाप्ये देवळात, बायका बाहेर दीपमाळेपाशी. भरमूआप्पाने नारळावर हात ठेवला. त्याचा आवाज वय विसरायचा तेव्हा.

"बा रवळनाथा, तुजी लेकरं पोटामागं दाही दिशा गेल्याती. ज्योतिबा येसूचा, पलटनीत हाय, मिसर देशात लढाईवर हाय. त्येची राखन कर."

"व्हय म्हाराजा."

"शामू लक्षिमनाचा, मुंबैच्या गिरनीत हाय. त्येच्या हातापायाची राखन कर."

"व्हय म्हाराजा."

निपाणीच्या वखारीतली तिघं झाली. बेळगावातला मी झालो. मी समोरच बसलो होतो तरी माझंही नाव आलं आणि गावाने 'व्हय' म्हटलं. मी माझंच नाव कागदावर लिहून घेतलं.

मग तो थांबला. गेल्या वर्षी थांबला होता त्याच जागी. बाहेर दीपमाळेपाशीसुद्धा कोणी हलेना.

"आनि परशराम, राजाबाईचा नि रवळूचा." भरमूआप्पाने नारळावरचा हात तसाच ठेवला. "गावच्या कामाला गेलाय. जितं असंल तितं त्येची राखन कर."

हे काय झालं ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. गावच्या कामाला गेलेला हे आमच्या गाऱ्हाण्यात नेहमीचं. कोणाला पालखीचं लाकूड आणायला धाडलं, कोणाला जंगलखात्याकडे दाद मागायला, तर त्याच्याबद्दल तसं सांगतात. पण तसं सांगितलं की दोन गोष्टी ठरल्या. एक, त्याला गावाने धाडलंय, म्हणून जे होईल ते गावाच्या माथी. दुसरी, तो परत येईपर्यंत त्याचं शेत गाव करणार. भरमूआप्पाने परशरामला चांगलं म्हटलं नाही, वाईट म्हटलं नाही. तीस घरं त्याच्यामागे आणून उभी केली.

'व्हय म्हाराजा' आलं नाही.

फौजदार उठून उभा राहिला होता. नाव त्याला कळलं होतं. शिपायांनी दार अडवलं. चाळीस बाप्ये खाली फरशीकडे बघत होते आणि मी त्यांना नावं ठेवत नाही. शेजारच्या तालुक्यातल्या एका गावची सगळी माणसं, अशाच एकाला थारा दिला म्हणून, महिनाभर चौकीला खेटे घालत होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. भरमूआप्पा नारळावर हात ठेवून तसाच उभा. गाव बोलेपर्यंत हात उचलता येत नाही.

"एन अंदा?" फौजदाराने मला विचारलं. काय म्हणाला तो?

मला दारातल्या दोन शिपायांच्या मधून बाहेरचं दिसत होतं. राजाकाकी दीपमाळेला टेकून उभी होती. पदर मागे सरकला होता आणि तिने तो ओढून घेतला नव्हता. फाटका कान उन्हात उघडा होता. माझ्या मनात काय आलं ते मी आजवर शंभरदा आठवून पाहिलंय. शौर्य नव्हतं. मला नुसती लाज वाटली, इतकी की बसवेना.

मी उठलो आणि म्हटलं, "व्हय म्हाराजा."

आवाज चिरका निघाला. माझ्या मागून खांबाजवळून कोणीतरी म्हटलं, मग आणखी दोघांनी, आणि मग सगळं देऊळ म्हणालं. भरमूआप्पाने नारळ उचलून फोडला.

मी फौजदाराला सांगितलं, तो म्हणाला की परशराम गावच्या कामाला गेलाय. "कोणी धाडलं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "आत्ता ऐकलंत ना साहेब." कागदावर मी तसंच लिहून दिलं, खाली सही केली.

फौजदाराने भरमूआप्पाला नेलं आणि आठ दिवसांनी सोडलं. सत्तरीच्या म्हाताऱ्याला गाऱ्हाण्यासाठी आत ठेवायला कोणतं कलम लावायचं, ते त्यांना सापडेना. दुसऱ्या दिवशी सकाळी, शिपाई चावडीत चहा पीत असताना, राजाकाकीच्या खाचरात बावीस विळे उतरले. दुपारपर्यंत भात आडवं झालं होतं. मीही कापत होतो. बोट कापून घेतलं, कारण कचेरीत बसून हाताची सवय गेली होती. भाकरी खायला बांधावर बसलो तेव्हा बायका माझ्या बोटाला हसत होत्या. तेवढी चवदार भाकरी मी पुन्हा खाल्ली नाही.

कचेरीतून मला नारळ मिळाला हे सांगायला नको. निघायच्या दिवशी आण्णासाहेबांनी वही उघडून दाखवली. त्या दोन पानांच्या तळाशी, उजव्या रकान्यात, त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'गावच्या कामाला गेलेला'. डावीकडची इंग्रजीची जागा कोरी होती.

"तिथे काय लिहायचं ते मला येत नाही," ते म्हणाले. त्यांनीच आपल्या एका भाच्याला, पार्श्वनाथला, चिठ्ठी दिली आणि मला निपाणीच्या एका पेढीवर पत्रं लिहायचं काम मिळालं. परशराम ज्या गल्लीतून वखारीत जायचा त्याच गल्लीतून मी चार वर्षं गेलो. तंबाखूच्या खकाण्याने शिंका यायच्या आणि मला तो आठवायचा.

तो परत आला नाही. चव्वेचाळीसच्या पावसाळ्यात कोगनोळीजवळ कोणीतरी त्याला ओढा ओलांडताना पाहिलं होतं, त्यापुढे काही नाही. तुरुंगाच्या यादीत नाही, मेलेल्यांच्या नाही. दर दसऱ्याला भरमूआप्पा त्याचं नाव घ्यायचा आणि दर वर्षी गाव राजाकाकीचं शेत करायचं.

सत्तेचाळीस साल आलं. ऑगस्टात बेळगावात दिवाळी झाली, आणि दसऱ्याच्या आधी खादीच्या टोप्या घातलेली दोन चांगली माणसं गावात येऊन गेली. त्यांना यादी करायची होती. त्यांच्याजवळ नवे शब्द होते. जिवंत असेल तर स्वातंत्र्यसैनिक, मेला असेल तर हुतात्मा. राजाकाकीने त्यांना ताक दिलं आणि सांगितलं, "त्यो गावच्या कामाला गेलाय. काम झालं की येईल." ते बिचारे यादीत जागा रिकामी सोडून गेले.

दसऱ्याला मी गावी आलो. गाऱ्हाण्याला अजून वेळ होता. काकीच्या घरी गेलो, तर तिने फडताळातल्या डब्यातून तो कागद काढला. घडीवर जीर्ण झालेला.

"भावकू, येवढं परत वाचून दाव."

आता मला खोटं वाचवेना. सरकार गेलं होतं, नोकरी गेली होती, कोणाची भीती धरायची? मी वाचलं. "फरारी दरोडेखोर परशराम रवळू यास पकडून देणारास सरकारकडून बक्षीस मिळेल." वाचून कागद खाली ठेवला. तिच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही.

"ठावं हाय," ती म्हणाली. "तराळानं दवंडी दिलती की. चावडीपास्नं वढ्यापातूर तीनदा वराडला. गावात भैरं कोन हाय?"

"मग त्या वर्षी मला कशाला वाचाय लावलंस काकी?"

"तुज्या तोंडातनं त्यो शबुद निघतोय का, बगायचं हुतं. न्हाय निघाला. सरकारला काळजी वाटत्या म्हनालास." ती किंचित हसली. "तवा मला धीर आला. म्हटलं, ह्यो अजून आपला हाय. म्हनून भरमूआप्पाकडं गेलते."

मी म्हटलं, "काकी, त्यो कागद मीच लिवलतो. माजंच अक्षर हाय त्ये."

तिने कागद माझ्यापुढे सरळ केला आणि त्यावर बोट ठेवलं. नेमकं परशराम लिहिलं होतं तिथे, म-च्या लांब ओढलेल्या शेपटीवर. सरकारी नोटीस लिहितानासुद्धा माझ्या हाताने ती काढली होती आणि मला पत्ता नव्हता.

"मला वाचाय येत न्हाय," ती म्हणाली. "पर माज्या परशाला शेपूट काढनारा येकच हाय. चावडीवर बगितलं नि वळकलं."

म्हणजे दसऱ्याला माझ्याकडे आली तेव्हाही तिला ठाऊक होतं. देवळात मी फौजदाराशेजारी बसलो होतो तेव्हाही. मला रडू आलं. चाळिशीला टेकलेला माणूस, मी तिच्या चुलीपुढे बसून पोरासारखा रडलो आणि तिने मला रडू दिलं.

मग तिने कोनाड्यातला विळा काढून दिला. "त्येचं तेवढं नाव कापून दे. बाकीचं तूच चुलीत घाल."

मी जपून नाव कापलं, शेपटीसकट. तिने ते डब्यात ठेवून झाकण लावलं. उरलेला कागद मी विस्तवावर धरला. तो जळेपर्यंत आम्ही दोघं बघत बसलो, आणि देवळाकडून भरमूआप्पाची हाक ऐकू आल्यावर उठलो.